राखेने घासलेली काच

काशिनाथ, परवा सकाळी मी तुझी काच राखेने घासली.

तू हसशील, म्हणून आधीच सांगतो, चाळिशी माझ्या नाकावर नव्हती. तुझी ट्रंक इस्पितळातून आणल्याला बरेच दिवस झाले होते. तुझ्या बायने तिला हात लावला नव्हता, आणि तिने लावला नाही म्हणून मीही नाही. परवा ती विहिरीवर गेलेली पाहून मी कडी काढली. वर तुझे सदरे, त्याखाली वस्तरा आणि तो चामड्याचा पट्टा, आणि अगदी तळाशी मलमलीच्या फडक्यात गुंडाळलेली बोटाएवढी एक काच. काचेच्या मधोमध जांभळट-गुलाबी डाग. मला वाटलं, एखाद्या तसबिरीची फुटकी काच असेल आणि तिच्यावर पानाचा रस उडाला असेल. गेलेल्या माणसाची वस्तू डागाळलेली ठेवू नये, अशा थोर विचाराने मी चुलीतली राख घेतली, नारळाची शेंडी घेतली आणि मागच्या दारी बसून घासू लागलो.

डाग जाईना. घासावा तसा तो उलट उजळ होऊ लागला. मग मी नखाने खरवडून पाहिला. थुंकी लावून पाहिली. शेवटी वैतागून काच उन्हात धरली तेव्हा कुठे उमगलं की डाग काचेवर नाहीच. तो दोन काचांच्या मध्ये आहे. खाली एक जाड काच, तिच्यावर कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ दुसरी, आणि मध्ये डिंकाने चिकटवून टाकलेलं काहीतरी. म्हणजे तू जन्मभर जे करत आलास, तेच मी भांड्यासारखं घासत होतो. वरची पातळ काच फुटली कशी नाही याचं मला अजून नवल वाटतं. काम पक्कं होतं रे तुझं.

आत जाऊन चाळिशी घेऊन आलो. काचेच्या कोपऱ्यात काच कापायच्या हिरकणीच्या टोकाने दोन अक्षरं कोरलेली होती. बाय.

मग मात्र मी शेंडी खाली ठेवली. कारण ती काच कसली, हे मला त्या दोन अक्षरांत कळलं, आणि ज्या एका गोष्टीवरून तुझं-माझं शेवटपर्यंत भांडण राहिलं, ती गोष्ट माझ्या हातात राखेने बरबटून पडली होती.

हे लिहिलेलं आपली चार माणसं वाचतील, म्हणून त्यांच्यासाठी सांगून ठेवतो. बाय म्हणजे तुझी थोरली बहीण, माझी बायको. तुमची आई लवकर गेली आणि शेणव्याच्या त्या घरात तुला न्हाऊमाखू घालणारी तीच. आमचं लग्न होऊन ती मुरबाडला आली तेव्हा बैलगाडीत तिच्या मांडीला मांडी लावून तूही आलास. माझी आई म्हणाली होती, "येक सून मागितली, तर दोन तोंडं आली." दुसरं तोंड भाकरी चांगली खात असे. पुढे तू मुरबाडच्या शाळेत शिकलास, मी कापडाच्या दुकानात गुमास्ता झालो, आणि माझ्या कात्र्यांना धार लावण्याचं काम तू अंगावर घेतलंस. मी कात्री चालवताना बघायचास आणि म्हणायचास, "दाजी, या कात्रीनं कापड फाडताय का लोणी थापताय?"

ही धारच तुला मुंबईला उपयोगी पडली. इस्पितळात तू लागलास हमाल म्हणून. एके दिवशी कुणी तरी तुला विळे घासणारा शेतकऱ्याचा मुलगा म्हणून आतल्या खोलीतल्या डॉक्टरसाहेबांपुढे उभं केलं. त्या खोलीत एक यंत्र होतं आणि यंत्राला लागायची वीतभर लांब, जाड पात्याची सुरी, आणि ती सुरी दगडावर आणि मग चामड्यावर लावून केसाला दोन करील इतकी तीक्ष्ण ठेवणारा माणूस त्यांना हवा होता. तू तिथे गेलास तो तिथलाच झालास. आम्ही घरात त्या खोलीला तुकड्यांची खोली म्हणायचो. माणसाच्या अंगातून शस्त्रक्रियेने काढलेली गाठ, आतड्याचा टवका, जे काही असेल ते तिथे यायचं. तू त्याचे पातळ काप काढून, रंगवून, काचेवर लावून द्यायचास. साहेब ते भिंगाच्या यंत्रातून बघून सांगायचे की रोग साधा आहे का वाईट.

पण हे सगळं मला कळायला फार वर्षं लागली. मला काही समजायचं म्हणजे ते तीन-चार वेळा चुकून समजावं लागतं. तुझ्या लग्नाचंच घे. टोकावड्याची माणसं मुलगी सांगून आली होती. "मुलगा काय करतो?" म्हणून त्यांनी विचारलं. मी घसा साफ करून म्हटलं, "इस्पितळात काचेचं काम करतो."

"म्हंजे खिडक्या बसवतो?"

"तसंच म्हणा ना."

तू आतून पाण्याचा तांब्या घेऊन आलास. मी डोळे मोठे करतो आहे, भुवया उडवतो आहे, आणि तू शांतपणे म्हणालास, "खिडक्या नाय, मामा. माणसाच्या अंगातला तुकडा काढतात ना, तो मी कापतो."

मामांनी तांब्याकडे पाहिलं, तुझ्या हाताकडे पाहिलं, आणि त्यांना एकदम आठवलं की उजेडात ओढा ओलांडायचा आहे. पोह्यांच्या बश्या तशाच राहिल्या. त्या सगळ्या तू संपवल्यास. बाय माझ्यावरच चिडली. "खिडक्या काय, खिडक्या! उद्या त्या पोरीनं येऊन खिडकी बसवा म्हटलं असतं म्हंजे?" तू पोहे चावत म्हणालास, "बसवली असती गो." पुढे अशी आणखी काही माणसं आली नि गेली. तू एकटाच राहिलास. त्याचं तुला काय वाटत होतं हे मी कधी विचारलं नाही, आणि तूही पोह्यांच्या पलीकडे काही बोलला नाहीस.

तुझी ती तुकड्यांची खोली बघायचा हट्ट मात्र मी धरला. दुकानाच्या कामाला मुंबईला आलो होतो. आत पाऊल टाकल्याबरोबर तुझ्या औषधाच्या वासाने डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, आणि तू सोबतच्या माणसाला म्हणालास, "आमचे दाजी, फार हळवे हायत." मग तू मला खिडकीजवळच्या भिंगाच्या यंत्रापाशी बसवलंस. एक डोळा मिटा, दुसरा लावा. मी लावला. आत मोठा पांढरा उजेड आणि त्यात काळ्या काळ्या काड्या, वाऱ्याने हलल्यासारख्या. मी श्वास रोखून म्हटलं, "दिसलं! गवतासारखं आहे. आणि जिवंत आहे, काशिनाथ, हलतंय!"

"त्या तुमच्या पापण्या हायत, दाजी."

मुरबाडला पोचेपर्यंत ही गोष्ट माझ्या आधी घरी पोचली होती. बाय आठवडाभर पदर तोंडाला लावून हसत होती.

तेव्हापासून मात्र मी तुला सोडला नाही. भाऊबीजेला तू आलास की जेवणं झाल्यावर ओटीवर बसून मी तुला विचारत राहायचो. मऊ मांसाचा इतका पातळ काप निघतो कसा? मी कापडवाला माणूस, मला मलमलीच्या पलीकडे पातळ काही ठाऊक नाही.

"मेणात बसवायचं ना," तू सांगायचास. "पन मांसात पाणी असतं. पाणी हाय तवर मेण आत जात नाय. म्हणून आधी पाणी काढायचं."

"उन्हात वाळवून? सुकटीसारखं?"

"आक्रसेल ना! दारूत ठेवायचं. आधी पाणी जास्त, दारू कमी. मग हळूहळू दारू वाढवत न्यायची. येकदम कडक दिली तर तुकडा आवळून बसतो."

"आपल्या गावातही काही जण असेच हळूहळू वाढवत गेले," मी म्हणायचो.

आतून बायचा आवाज यायचा, "सणाच्या दिशी दुसरं काय बोलाय नाय का रे तुमाला? मांस नि दारू, दारू नि मांस!"

आपण आवाज खाली करायचो आणि पुढे चालू. दारू काढून टाकणारं एक औषध, मग वितळलेल्या मेणाचं न्हाण, मग थंड करून मेणाची वडी. ती वडी यंत्रात बसवून चाक फिरवलं की सुरीवरून काप निघायचे, एकाला एक चिकटून, फितीसारखे. ती फीत कोमट पाण्यावर सोडायची म्हणजे तिच्या सुरकुत्या आपोआप निघतात. मग काचेला अंड्याचा पांढरा बलक पुसट लावून खालून अलगद उचलायची. काप काचेला धरून राहतो तो त्या अंड्यामुळे. मेण धुऊन काढायचं आणि रंग द्यायचा. एक रंग कुठल्याशा परदेशी झाडाच्या गाभ्यातून काढलेला, जांभळा. दुसरा गुलाबी. रंग दिल्याशिवाय काचेवर काहीच दिसत नाही, नुसती धूसर साय. दोन्ही रंग आपापल्या जागी नीट बसले आणि एकमेकांपासून वेगळे दिसले की साहेबांना वाचता येतं. म्हणून प्रत्येक काच साहेबांकडे देण्याआधी तू स्वतः यंत्रातून बघायचास. रंग लागला का, सुरकुती राहिली का, एवढंच. हे "एवढंच" लक्षात ठेव. आपलं भांडण त्यावर आहे.

अंड्यांचं मी कसं विसरेन? तू एकदा निरोप धाडलास, मुंबईत अंडी शिळी मिळतात, कल्याणला येणाऱ्या माणसाबरोबर गावठी ताजी अंडी पाठवा. अंडी तुकड्यांच्या खोलीसाठी आहेत एवढं मला कळलं होतं. पण सर्व्हिस मोटारीत टोपली आपटणार, अंडी फुटणार, माझ्या मेव्हण्याचं काम अडणार. मी डोकं चालवलं आणि सगळी अंडी उकडून पाठवली. तुमच्या साहेबांनी म्हणे एक सोललं, मीठ मागवलं आणि विचारलं, "तुझे दाजी काय करतात?" पुढच्या खेपेला तू मला भाताच्या तुसात कच्ची अंडी कशी बसवतात ते दाखवलंस. शेतकऱ्याच्या घरात जन्मून मला ते ठाऊक नव्हतं. तू बायला म्हणालास, "कापड दुकानातला माणूस हाय गो, अंड्याला अंगरखा शिवला नाय हेच खूप."

मग युद्ध आलं. बाहेरून येणारं मेण येईनासं झालं, इथलं मिळायचं ते उन्हाळ्यात हाताला चिकटायचं. तेव्हा तू टोकावड्याच्या रानातून मध काढणाऱ्या धावू ठाकराकडे मधाच्या पोळ्याचं मेण मागायला गेलास. मला उगाच बरोबर नेलंस, की मीच आलो, आता आठवत नाही. धावूने मेणाचा गोळा हातात तोलत विचारलं, "कशाला रं ह्ये?"

"मांस कापाया."

"मांस कापाया सुरी लागते. मेन कशाला?"

"पिकलेलं केळं लय पातळ काप. दाबलं की चेंदा व्हतो का नाय? मेणात बसलं की हलत नाय, चेंदत नाय."

धावूने जरा विचार केला. "मानूस जिता असतो का मेलेला, ज्याचं मांस?"

"जिता. खाटेवर पडून वाट बघत असतो."

धावूने मग गोळा तुझ्या हातात ठेवला आणि त्याच्या बदल्यात काही घेतलं नाही. परत येताना तू गोळा रुमालात बांधलास. मग म्हणालास, "दाजी, इतकी वर्सं मला कुणी हे विचारलं नाय. जिता का मेलेला." मी म्हटलं, मी तरी कुठे विचारलं? तू म्हणालास, "तुमी केसाएवढा काप कसा निघतो ते विचारता. त्याचंबी बरं वाटतं."

आणि मग ते खाटेवर पडून वाट बघणारं माणूस आपल्याच घरातलं निघालं.

बायच्या छातीत गाठ आहे हे मला कळलं ते तिने घागर डोक्यावर चढवताना ओठ चावला म्हणून. विचारलं तर म्हणाली, "काय नाय, जुनीच हाय." जुनीच आहे, हे ऐकून माझं जे झालं ते तुला सांगायला नको. तुला निरोप पोचला आणि तू दुसऱ्या दिवशी दारात. माझ्याशी बोलला नाहीस, पाणी प्यायला नाहीस. बायला म्हणालास, "कपडे बांध." ती म्हणाली, "लावणी झाली की येते." तू पहिल्यांदा तिच्यावर ओरडलास. मुरबाडच्या त्या घरात तुझा इतका मोठा आवाज कुणी ऐकला नव्हता, बहुतेक तूही नाही. कारण नंतर तू पायरीवर जाऊन बसलास, आणि तिनेच बाहेर येऊन तुझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "चल, येते मी."

गाठ काढली. इस्पितळाच्या रिवाजाप्रमाणे ती तुकड्यांच्या खोलीत गेली, म्हणजे तुझ्यापुढे आली. साधी निघाली तर टाके सुकले की घरी. वाईट निघाली तर पुन्हा कापायचं, आणखी खोल, आणि त्यानंतरही कुणी काही कबूल करत नव्हतं. मी तुला विचारलं, "हे काम दुसऱ्या कुणाला सांग ना. तूच कशाला?"

"दुसरा हाय. पन त्याचे काप जाड येतात."

त्या दिवसांत मी तुझ्या खोलीवर राहून स्वयंपाक करत होतो. स्वयंपाक म्हणजे भात. वर कच्चा, खाली करपलेला आणि मधे कुठे तरी खाण्यासारखा. तू ताटावर बसायचास, दोन घास चिवडायचास आणि उठायचास. मी समजलो, माझा भात. मी पाणी वाढवलं, कमी केलं, शेजारच्या बाईंना विचारून आलो. तू जेवेनास. गाठीतलं पाणी काढायला, मेण भरायला, काप काढायला तिचा वेळ लागत होता, आणि तेवढे दिवस तुझे गाल आत जात होते.

मग एका संध्याकाळी तू आलास आणि जेवलास. नुसता जेवला नाहीस, करपलेली खरपूड खरवडून मागून घेतलीस. वर म्हणालास, "भात बरा झालाय, दाजी. अजून वाढा."

माझ्या हातातला डाव तसाच राहिला. मी म्हटलं, "काशिनाथ, काच झाली का?"

"झाली. साहेबांच्या टेबलावर ठेवली."

"बघितलीस?"

"साहेब बघतील."

"साहेब बघतीलच रे. तू बघितलीस का? प्रत्येक काच तू आधी बघतोस. रंग लागला का, सुरकुती पडली का. इतक्या वर्षांत तुझ्या डोळ्यांना साधं-वाईट ओळखता येत नसेल, हे मला सांगू नकोस."

"मी काच करतो, दाजी. वाचत नाय."

"पण बघितलीस ना?"

"वाढता का मी घेऊ?"

साहेब त्या वेळी कुठल्या कामात होते कोण जाणे, पण त्यांचा शब्द यायला आणखी वेळ लागला. तेवढ्या वेळात माझ्या डोक्याने जे खेळ केले ते लिहिण्यासारखे नाहीत. तू जेवतोस म्हणजे तुला कळलं आहे आणि ते चांगलं आहे, असं वाटून मी हुरळायचो. मग वाटायचं, वाईट आहे म्हणूनच हा जेवतो आहे, मला धीर यावा म्हणून सोंग करतो आहे. तू हसलास की मला घाम फुटायचा. तू गप्प बसलास की त्याहून जास्त.

शेवटी साहेबांनी बोलावून सांगितलं, साधी गाठ होती, घरी न्या. बाय म्हणाली, "म्हंजे लावणी गावंल ना?" साहेब हसले. तू हसलास. आणि मी, इस्पितळाच्या पायऱ्यांवर, भर लोकांत तुझ्यावर तुटून पडलो. "तुला माहीत होतं! सगळे दिवस माहीत होतं आणि मला तळत ठेवलंस!"

तू म्हणालास, "मला नव्हतं माहीत."

"मग जेवलास कसा?"

"भात बरा झाला होता."

हेच. त्यानंतर दर भाऊबीजेला हेच. ओवाळून झालं, तबक आत गेलं की मी खाकरायचो. तू म्हणायचास, "झालं, निघाला दाजींचा खटला." मी वेगवेगळ्या बाजूंनी यायचो. एकदा म्हटलं, कापड फाडणारा माणूस कापड न बघता फाडत नाही. एकदा म्हटलं, शपथ घे. एकदा नुसतं म्हटलं, बरं, बघितली नाहीस असं धरू, मग ती काच रंग न तपासता साहेबांपुढे ठेवलीस? तुझ्या हातून असं काम? त्यावर तू पहिल्यांदाच जरा अडखळलास. म्हणालास, "तपासली होती." मी ओटीवरून उडी मारली. "म्हणजे बघितलीस!" तू डोकं हलवलंस. "नाय बघितली." तपासली होती आणि बघितली नाही! मी म्हटलं, मुंबईत राहून तू वकिली पण शिकलास. बाय दारात उभी होती. ती आत निघून गेली. मला वाटलं, आमच्या कटकटीला कंटाळली.

तू तापाने पडलास तेव्हा आम्ही दोघं आलो. बाय पुढे, मी मागे टोपली सांभाळत. टोपलीत अंडी होती. काय न्यावं सुचेना, म्हणून तुकड्यांच्या खोलीसाठी अंडी नेली. तुझा डोळा टोपलीवर गेला. ओठ हलले. मी वाकलो.

"कच्ची?"

"कच्चीच. तुसात बसवली आहेत."

तू हसलास. विचारायचं तेव्हाच होतं. शब्द जिभेवर होता, काशिनाथ. पण तू बायचा हात धरला होतास, डोळे मिटत होतास, आणि मला माझ्या त्या खटल्याची लाज वाटली. विचारीन उद्या, म्हटलं. अंडी तुझ्या जागेवरचा माणूस घेऊन गेला. तूस सांडू न देता टोपली धरली त्याने, हे मी पाहून ठेवलं, तुला सांगायला म्हणून.

तर आता तुझी काच माझ्या हातात होती, आणि तिच्यावर बाय. म्हणजे तू दोन काचा केल्यास, एक साहेबांना दिलीस आणि एक ठेवलीस. ठेवलीस म्हणजे नक्कीच बघितली असशील, नाही तर कोण ठेवतो? की बघवत नव्हती म्हणूनच तळाशी ठेवलीस? मी ती उन्हात धरली, लांब धरली, डोळ्याला लावली. आणि तुला सांगतो, मला पुन्हा माझ्या पापण्याच दिसल्या.

बाय विहिरीवरून आली. घागर उतरवली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"काय घासताय मघापासनं?"

मी काच पुढे केली. मला वाटलं, तिला सगळं पहिल्यापासून समजावून सांगावं लागेल. तिने ती दोन बोटांत धरली, बाजूने, कडांना, तू धरायचास तशी.

"ही ठेवली होती त्यानं?" ती म्हणाली.

"तुला ठाऊक आहे ही कसली?"

"ठाऊक नसाय काय झालं? माझीच हाय." ती उंबऱ्यावर बसली. "तुमी मोसंबी आणाया गेला होता त्या दुपारी आला. साहेब जेवाया गेले होते. मला धरून धरून त्या खोलीत नेलं, यंत्रापाशी बसवलं. म्हणला, बाय, काच झाली पन माझ्याच्यानं डोळा लाववत नाय. तू बघ. रंग लागलाय का तेवढं सांग. जांभळं नि गुलाबी येगळं येगळं दिसतंय का."

"आणि तू बघितलंस?"

"बघितलं. तुमच्यासारख्या पापण्या नाय बघितल्या. भाताच्या राबात रोप उगवतं ना दाट, तसं होतं, जांभळं जांभळं, नि मधी गुलाबी. म्हटलं, लागलाय रे रंग. चांगलं हाय. काय वाईट नाय त्यात."

"अगं, पण चांगलं का वाईट, तुला त्यातलं काय कळत होतं?"

तिने काचेवरची राख पदराने पुसली, मलमलीत पुन्हा गुंडाळली, आणि म्हणाली, "मला काय कळायचंय? पोरगं किती दिस जेवलं नव्हतं. नि वर तुमच्या हातचा भात."